पाणी तपासताय? या चुका टाळा

खिशातून टीडीएस मीटर काढून ‘बघा, 180! एकदम शुद्ध!’ म्हणणारा माणूस भेटला की माझं डोकं फिरतं. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढं मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. जंतू, कीटकनाशकं त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, आणि मीटरचं सगळ्यात लहान माप लिटरला 1 मिलिग्रॅम. आर्सेनिक मर्यादेच्या दहापट झालं तरी आकडा जागचा हलत नाही.

एका घरी पाण्याचा नमुना घ्यायला गेलो, तर याच मीटरच्या जोरावर मला दारातूनच परत पाठवत होते. विहिरीचं पाणी चवीला गोड, आकडा दोनशेच्या आत. मी हट्टाने नमुना घेतला. ई. कोलाय म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू; 100 मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. इथे मोजता येईनात इतके निघाले. कठड्याखाली भेग आणि दहा पावलांवर शोषखड्डा! घरातल्या पोराचं पोट दोन महिने ‘बाहेरचं खाल्ल्यामुळे’ बिघडत होतं.

दुसरं दुखणं नमुन्याचं. सरबताची बाटली विसळून त्यात पाणी आणायचं, ती दोन दिवस गाडीत तापू द्यायची आणि मग लॅबच्या नावाने बोटं मोडायची. जंतूंच्या तपासणीला लॅबचीच निर्जंतुक बाटली लागते. तिच्या तळाशी जरा पावडर दिसली की लोक ती घाण समजून धुऊन टाकतात. अहो, ते सोडियम थायोसल्फेट असतं, नमुन्यातला क्लोरीन निकामी करायला घातलेलं. ते गेलं की क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो.

मी तोटीची जाळी काढतो, धातूची असेल तर तोंड ज्योतीवर तापवतो, दोन-तीन मिनिटं पाणी सोडतो आणि बाटली न विसळता भरतो. वर बोटभर जागा ठेवून बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी लॅबमध्ये. शिशासाठी मात्र उलट: रात्रभर पाइपात थांबलेलं सकाळचं पहिलंच पाणी. घाईवाले दोन्ही एकाच बाटलीत उरकायला बघतात.

खतं-सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटवर उकळणं हा उपाय नाही. पाणी आटतं, नायट्रेट तिथंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधाला असलं पाणी अजिबात नको. आणि रिपोर्टातला आकडा नायट्रेटचा आहे की त्यातल्या नायट्रोजनचा, ते आधी बघा; नायट्रोजनचे 10 म्हणजे नायट्रेटचे साधारण 44.

तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली तर अर्धी ताकद गाळातच जाते. आधी गाळ बसू द्या, मग पावडर, मग निदान अर्धा तास हात लावू नका.

ब्लीचिंग केल्याच्या दुसऱ्याच दिवशी नमुना देऊन ‘आली बघा निगेटिव्ह’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पावडरचा असर ओसरावा म्हणून मी आठवडा-दहा दिवस थांबतो, आणि जोराचा पाऊस झाला की पुन्हा एकदा तपासतो.

नळाला सार्वजनिक पुरवठ्याचं पाणी असेल तर तक्रार करण्याआधी दोन नमुने घ्या: एक टाकीच्या आधीच्या तोटीचा, एक स्वयंपाकघरातला. पहिला स्वच्छ आणि दुसरा घाण आला तर अर्ज नका लिहू, टाकीचं झाकण उघडा.