बांबूची चादर वापरताय? या चुका टाळा

इंदुरात मी घरूनच चादरी-अभ्रे विकते. उन्हाळ्यात अंगाला गार लागणारी आणि घाम सुती कापडापेक्षा जास्त शोषणारी म्हणून बांबूची चादर मी मनापासून सुचवते. ती चार महिन्यांत फाटून परत आली की जीव तुटतो, कारण चूक दर वेळी तीच असते.

गेल्या मे महिन्यात सुदामा नगरच्या एका काकूंनी नवी चादर गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजवली, सकाळी मोगरीने धोपटली. मग सासू-सून दोन टोकं धरून उभ्या राहिल्या आणि घट्ट पीळ भरला. मी ती उजेडात धरली तर मधला भाग चाळणीसारखा विरलेला आणि हातभर फाटलेला. बांबूची चादर म्हणजे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्याचं व्हिस्कोस, म्हणजे लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. ते ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. सुती धागा मात्र ओला असताना उलट जास्त मजबूत असतो. आपले हात सुतीवर घडलेत, तिथेच घात होतो. मी गार पाणी आणि सौम्य लिक्विड साबण वापरते. पिळत नाही, मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबते आणि सावलीत दोन दोऱ्यांवर पसरते. बोअरच्या जड पाण्याने कापड ताठरतं, म्हणून शेवटचं खळबळणं नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात. वेळ लागतो, पण घाई असेल त्यांनी सुतीच घ्यावी. काकूंच्या चादरीच्या कडा धड होत्या, त्यातून दोन अभ्रे शिवून दिले.

दुसरी चूक, ‘शंभर टक्के बांबू, नैसर्गिक जंतुनाशक’ या लेबलावर विश्वास ठेवणं. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये लगदा विरघळवून धागा काढतात. त्यात बांबूचा तो गुण उरत नाही. आपल्या शेजारी नागद्याला १९५४ पासून लाकडाच्या लगद्याचा असाच धागा निघतो. कापड चांगलंच असतं, पण नाव खरं हवं. अमेरिकेत २०२२ मध्ये रेयॉनला (व्हिस्कोस हाही रेयॉनच) बांबू म्हणून विकल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स या दुकान-साखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. विकत घेताना दुकानदाराला ‘व्हिस्कोस की लायोसेल?’ एवढं विचाराच. लायोसेल हा लगद्यापासूनच, पण वेगळ्या पद्धतीने काढलेला धागा. ते महाग असतं, पण ओलं असताना जास्त टिकतं.

फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, घाम शोषणं कमी होतं.

हजार थ्रेड काउंटच्या (एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे) मागे धावू नका. तीनशेची नीट विणलेली चादर पुरते.

जीन्स, चेनवाले कपडे तिच्यासोबत मशीनमध्ये टाकू नका, गोळे येतात.