लॅपटॉपची स्क्रीन घेण्याआधी मागचं स्टिकर वाचा

स्क्रीन गेली की आपण नवी पेठेच्या बाजारात जाऊन नुसतं लॅपटॉपचं मॉडेल सांगतो. पण एकाच मॉडेलला वेगवेगळी पॅनेल (झाकणातला चित्र दाखवणारा भाग) बसवलेली असतात, आणि आणलेलं नेमकं बसत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात असे दोन हेलपाटे घातल्यावर मला हे शहाणपण आलं.

१. आधी एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवरही रेघा आल्या तर दोष बहुधा चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपचा; पॅनेलवर पैसे घालू नका.

२. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर झाकण हळूहळू पुढे-मागे करा. चित्र ये-जा करत असेल तर बिजागरीजवळची केबल तपासा. ती पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त पडते.

३. पॅनेलच बदलायचं ठरलं तर जुनं सोडवून मागच्या स्टिकरचा आणि कनेक्टरचा फोटो काढा. पूर्ण नंबर, रिझोल्यूशन, ३० पिन की ४०, सगळं जुळायला हवं.

४. नवं पॅनेल चिकटवण्याआधी, वरची फिल्म न काढता, केबल लावून चालू करून बघा.

केबलला हात लावण्याआधी चार्जर काढा आणि आतली बॅटरीही सुटी करा. नाहीतर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या उजेडाचा) फ्यूज उडू शकतो, आणि मग नवी स्क्रीनही काळीच दिसते.