घरी राईट केलेली डीव्हीडी जुन्या प्लेअरवर लागावी म्हणून

डीव्हीडी संगणकावर चालली म्हणजे आजीच्या प्लेअरवरही चालेलच, हा समज आधी सोडा. पाचोऱ्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की कपाटातल्या लग्नाच्या डीव्हीड्या बाहेर निघतात, आणि मग कुणीतरी दुकानात येतं, "भाऊ, सीडी लागत नही." प्लेअर बहुतेक वेळा धड असतो. त्याला वाचता येईल अशी डिस्कच कुणी करून दिलेली नसते. लेकीचं लग्न पुन्हा बघायची आस लागलेल्या माणसाला "नवा प्लेअर घ्या" म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. डिस्क नीट करून द्यावी.

आधी दोष कुठे आहे ते बघा. दुकानातून विकत घेतलेली, कंपनीत छापलेली एखादी सिनेमाची डीव्हीडी लावा. ती चालली आणि घरची चालली नाही, तर घोळ घरच्या डिस्कमध्ये. दोन्ही अडकल्या तर लेन्सवर धूळ असेल; आपल्याकडे जिनिंगजवळच्या घरांत कापसाची बारीक लव प्लेअरच्या आत जाऊन बसते. गाण्याची सीडी वाजते पण डीव्हीडी एकही लागत नाही, असंही होतं. सीडीला 780 नॅनोमीटरचा लेसर लागतो आणि डीव्हीडीला 650 चा, त्यामुळे एक शाबूत राहून दुसरा थकू शकतो. तसं असेल तर कितीही डिस्क बदलल्या तरी उपयोग नाही.

आता कोरी डिस्क घेताना. वेष्टनावर 'डीव्हीडी-आर', म्हणजे मधे वजाची खूण असलेली बघून घ्या. ही जात 1997 पासूनची. अधिक खुणेची 'डीव्हीडी+आर' 2002 मध्ये आली. त्याआधी बनलेल्या प्लेअरला अधिकवाली ठाऊकच नाही. घरात अधिकवालीच पडून असेल तर इमबर्न या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'बुक टाईप', म्हणजे डिस्कवरची तिची जात सांगणारी नोंद, बदलून 'डीव्हीडी-रॉम' करता येतो. तुमच्या रायटरला ती सोय हवी, एवढीच अट. मग प्लेअर तिला छापील डिस्क समजून वाचायला घेतो. वजावालीत हा बदल होत नाही.

पुसून पुन्हा वापरायची 'आरडब्ल्यू' डिस्क मात्र जुन्या प्लेअरसाठी घेऊच नका. छापील एकपदरी डिस्क लेसरचा 45 ते 85 टक्के प्रकाश परत फेकते, आरडब्ल्यू फक्त 18 ते 30 टक्के. एवढ्या अंधुक उजेडात जुनी लेन्स चाचपडते आणि पडद्यावर 'नो डिस्क' येतं. साडेआठ जीबीच्या दुपदरी डिस्कचंही तेच. लग्न मोठं असेल तर सरळ दोन साध्या डिस्क करा.

सगळ्यांत जास्त डिस्क मात्र वेगळ्याच कारणाने परत येतात. मोबाईलची एमपी4 फाईल ओढून डिस्कवर टाकलेली असते. जुन्या प्लेअरला ती वाचता येत नाही. त्याला एमपीईजी-2 या जुन्या व्हिडिओ प्रकारातलं चित्र लागतं, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम. आवाज 48 किलोहर्ट्झचा, एसी-3 (डॉल्बी डिजिटल) असेल तर उत्तम. डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाईली दिसल्या पाहिजेत. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं, मेनूसकट. विंडोजने "ही डिस्क कशी वापरणार?" असं विचारलं तर यूएसबी ड्राईव्हसारखी हा पर्याय कधीही निवडू नका.

बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा याचा हिशेब हातानेच करा. डिस्कवर लिहिलेले 4.7 जीबी संगणकाला 4.37 दिसतात. दीड तासाचं शूटिंग असेल तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साडेसहा मेगाबिटपर्यंत जाता येतं, दोन तासांना पाचच्या आत राहावं लागतं. डीव्हीडीत चित्राला 9.8 पर्यंत मुभा आहे, पण घरी राईट केलेल्या डिस्कवर जुना प्लेअर तिथे धापा टाकतो. आणि डिस्क काठोकाठ भरू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, बाहेरच्या कडेला चुका जास्त होतात. म्हणून हळद छान दिसते, मंगलाष्टकं होतात, आणि नेमकी पाठवणी अडकते. आईला तेवढंच बघायचं असतं. मी चार जीबीच्या आसपास थांबतो.

राईट करताना वेग 4एक्स किंवा 8एक्स ठेवा. 16एक्सचा मोह नको. शेवटी फायनलाईझ, म्हणजे डिस्क लिहून कायमची बंद करणं, झालंच पाहिजे, नाहीतर ज्या यंत्रावर राईट केली तिथेच ती चालेल. नंतर 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं बरोबर उतरलं का याची तपासणी, करू द्या, घाई असली तरी.

डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर चिकटवू नका. डिस्क फिरताना डगमगते, उन्हात कागद आखडून वाकते. नाव लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या मार्करने, मधल्या पारदर्शक कड्यावर. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि राईट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उष्णतेने खराब होतो. पत्र्याखालच्या कपाटात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवू नका. धाब्याच्या घरातला आतला कोनाडा बरा, डिस्क डब्यात उभी ठेवून. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको.

शेवटची तपासणी ज्या प्लेअरवर बघणार त्याच्यावरच करा, आणि सुरुवात बघून उठू नका. शेवटची दहा मिनिटं पळवून बघा. मूळ फाईल व आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली नक्कल) हार्डडिस्कवर राहू द्या, म्हणजे डिस्क गेली तरी दुसरी काढता येते. प्लेअरला यूएसबीचं भोक असेल तर पेन ड्राईव्हही चालतो, तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट करा आणि प्रत्येक फाईल चार जीबीच्या आत ठेवा. फाईल तिथेही एमपीईजी-2 किंवा एक्सव्हिडची एव्हीआयच द्या. एमपी4 यूएसबीतूनही बऱ्याच जुन्या प्लेअरला उघडत नाही.