अ‍ॅम्बेसेडरचा वॉटर पंप घरी कसा बदलावा

बीडहून लातूरकडं येताना मांजरसुंब्याचा घाट चढता चढता अ‍ॅम्बेसेडरचा तापमानाचा काटा वर सरकला, की बहुतेक जण रेडिएटर काढून रॉडिंगला, म्हणजे आतल्या नळ्या सळईनं साफ करायला देतात. रेडिएटर खुशाल तपासा, पण आधी वॉटर पंप, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप बघा. पंखा त्याच्याच शाफ्टवर बसलेला असतो. इंजिन बंद आणि गार असताना पंख्याचं पातं धरून पुढं-मागं, वर-खाली हलवा. पुलीसकट खेळ जाणवला तर बेरिंग गेलं. मग पंपाच्या पोटाखाली बोट फिरवा. तिथं एक बारीक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी त्यातून बाहेर येतं आणि पांढरट-तांबूस ओघळ सुकून बसतो. हे भोक लांबी (पुट्टी) भरून कधीही बुजवू नका. पाणी मग बेरिंगात शिरतं आणि सुटलेला पंखा रेडिएटर फाडतो.

मी सांगतेय ते १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल. आमची मार्क ४ मॉडेलची गाडी अण्णांच्या वेळची, तिची अशी कामं मी लातूरला घरच्या अंगणात करते. इसुझू इंजिनाच्या गाडीला हा पंप बसत नाही, दुकानात हे आधीच सांगा.

पाने इंची घ्या. १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसतो खरा, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल व्हायला तेवढी फट पुरते. बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात करा. बॅटरीची अर्थची तार सोडा. रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून पाणी काढा. एक कॉक इंजिनाच्या ब्लॉकच्या कडेलाही असतो, तो क्षारानं तुंबलेला असेल तर तारेनं मोकळा करा. कुलंट घातलेलं असेल तर ते पाणी परातीत धरा आणि झाकून ठेवा. चवीला गोड असल्यामुळं कुत्री-गुरं ते चाटतात, आणि ते विषारी असतं.

आता होज पाईप काढा आणि रेडिएटरही उतरवा. समोर जागा भरपूर दिसते, पण हात आत घातला की बोटं जाळीवर घासतात आणि जाळीची पानं मुडपतात. डायनामोचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) बोल्ट ढिले करून तो इंजिनाकडं ढकला, फॅन बेल्ट काढा, मग डायनामो सोडून बाजूला घ्या. पंखा उतरवण्याआधी त्याच्या पुढच्या बाजूला खडूनं फुली मारा. उलटा बसला तर तो नीट हवा ओढत नाही. शेवटी पंपाचे चार बोल्ट. त्यांची लांबी सारखी असेलच असं नाही, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून जिथला बोल्ट तिथं खोचून ठेवा.

पंप आणि ब्लॉकच्या मधलं जुनं पॅकिंग खरवडताना ब्लॉकच्या तोंडात फडकं कोंबा. खरवडायचं पातं आडवं धरा, खोल चरा पडला तर नवं पॅकिंगही तिथूनच गळेल.

खरी मेख नवा पंप आणल्यावर असते. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. बाजारात मिळणारे पंप सगळे एका मापाचे नसतात. जुना आणि नवा पाटावर शेजारी ठेवा. बोल्टची भोकं, आतल्या चक्रीची पाती आणि पुली जिथं बसते त्या फ्लँजची उंची जुळवून बघा. नव्याचा शाफ्ट हातानं फिरवा, खरखर लागली तर तिथंच परत करा. पंप बसवल्यावर सरळ पट्टी लावून पंपाची, डायनामोची आणि क्रँकची पुली एका रेषेत आहेत का ते पाहा. फरक राहिला तर बेल्ट कडेनं झिजतो.

पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा पातळ हात पुरे. शेलॅकचा (सांधा बंद करणाऱ्या चिकट लेपाचा) थर लावायची सवय अनेक मिस्त्रींना आहे, पण जास्तीचा शेलॅक आत जाऊन पाण्याच्या वाटा अडवतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. बेल्टच्या सर्वांत लांब भागावर अंगठा दाबला तर तो अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून ताणला की नव्या बेरिंगचं आयुष्य कमी होतं.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. ‘आपल्याकडं ऊन लई, काढून टाका’ हा सल्ला ऐकू नका. तो काढला की इंजिनाला योग्य तापमान गाठायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. पातेल्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट त्यात दोऱ्यानं लटकवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर तो चांगला आहे.

सगळं जागेवर बसलं की पाणी भरा, पण बोअरचं नको. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरी पुटं धरतात तशीच ती ब्लॉकच्या आत धरतात, आणि त्या पुटांमुळं धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या शहरात गाडीसाठी गोडं पाणी राखणं सोपं नाही, पण गाडीला लागतं ते थोडंच. मी पहिले एक-दोन पाऊस छत धुऊन जाऊ देते आणि नंतरचं पाणी कापडातून गाळून कॅनमध्ये भरते. ते नसेल तर डिस्टिल्ड वॉटर आणा. त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कुलंट घाला.

हळूहळू भरा. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि वरचा होज हातानं दाबत राहा. हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पातळी उतरेल, तेवढं पाणी पुन्हा घाला. झाकण लावल्यावर गावातच एक फेरी मारा. इंजिन गार झाल्यावर पातळी, क्लिपा आणि पंपाखालचं भोक बघा. झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही.

काढलेला पंप भंगारात देऊ नका. बॉडीला तडा नसेल तर लेथवाल्याकडून शाफ्ट, बेरिंग आणि सील नवीन बसवून घेता येतं, आणि मूळ ओतीव बॉडी आता सहज मिळत नाही.