पात्स्क्वारोला गेलात तर रिटर्न तिकीट जपून ठेवा

मेक्सिकोतल्या पात्स्क्वारोमध्ये सगळे तलावातल्या हानित्सिओ बेटावर जातात आणि धक्क्यावर पोचेपर्यंतच अर्धा दिवस घालवतात, कारण तलाव गावाला लागून नाहीये, चौकापासून साधारण ३ किमी लांब आहे.

१. सकाळीच निघा. प्लाझा चिका म्हणजे छोट्या चौकाजवळ, बाजाराच्या बाजूला, काचेवर 'लागो' (म्हणजे तलाव) लिहिलेली कॉम्बी, म्हणजे शेअरिंगची छोटी व्हॅन मिळते, टॅक्सीपेक्षा खूपच स्वस्त. सुट्टी नाणी हातात ठेवा.

२. धक्क्यावर खिडकीवरच जाण्यायेण्याचं तिकीट घ्या आणि तो कागदाचा चिटोरा पाकिटात नीट ठेवा, परत येताना तोच दाखवावा लागतो, मी खिशात कोंबला होता तो घामाने पार लगदा झाला.

३. बोट भरल्यावर सुटते, म्हणून जी भरत आलीय तिच्यातच बसा.

बेटावर मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातला नेता मोरेलोस याचा ४० मीटर उंच पुतळा आहे, आतल्या जिन्याने वर जाता येतं, भिंतीभर चित्रं आहेत, ती बघत बघत चढा म्हणजे दम लागत नाही. परत आल्यावर मोठ्या चौकातल्या कमानींखाली 'निएवे दे पास्ता' आईस्क्रीम खाच, फारच सुंदर!

फक्त बेटावर उतरतानाच परतीची शेवटची बोट किती वाजता ते विचारून घ्या. आणि स्वेटर न्या, गाव २१०० मीटरच्या वर आहे, ऊन उतरलं की गारठा पडतो.