लहान मुलाला वाहनाची धडक: चालकाचा निष्काळजीपणा कसा तपासावा

रस्त्यावरील लहान मुलाला धडक बसली की चालकाचा पहिला बचाव बहुधा ‘मूल अचानक समोर आले’ हाच असतो. तो खराही असू शकतो. पण तेवढ्याने दायित्व संपत नाही. दावा तपासताना, त्या ठिकाणी आणि त्या वेळी मूल रस्त्यावर येण्याची शक्यता सावध चालकाने ओळखायला हवी होती का, हे आधी पाहावे. शाळेचा परिसर, थांबलेली बस, कडेला खेळणारी मुले किंवा घरंगळत आलेला चेंडू दिसत असेल, तर वेगमर्यादा पाळली होती हे उत्तर सहसा पुरेसे ठरत नाही.

त्यानंतर अंतराचा हिशेब मांडावा. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, म्हणजे चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला तर वेग कमी होऊ लागण्यापूर्वीच तेवढे अंतर संपते. ताशी ३० किलोमीटरला ते सुमारे ८ मीटर असते. म्हणून चाकांच्या खुणांची मोजमापे, मूल प्रथम दिसू शकले असते ती जागा, कॅमेऱ्याचे चित्रण आणि त्रयस्थ साक्षीदारांचे जबाब लवकर मिळवावेत. या हिशेबातून संथ वाहनही थांबू शकले नसते असे निघाले, तर चालक निर्दोष ठरू शकतो, हेही मान्य करावे.

मुलाचा दोष प्रौढाच्या मापाने मोजू नये. गफ विरुद्ध थॉर्न या खटल्यात लॉरीचालकाने हात दाखवून जाऊ दिलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला लॉरी ओलांडून येणाऱ्या गाडीने धडक दिली होती. तिचा सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात तिचाही दोष असल्याचा बचाव, इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९६६ मध्ये अमान्य केला. फ्रान्सच्या १९८५ च्या कायद्यानुसार सोळा वर्षांखालील जखमीची भरपाई, त्याने स्वतःहून इजा ओढवून घेतली नसेल तर, त्याच्या चुकीमुळे कापली जात नाही. पालकांचे दुर्लक्ष हा स्वतंत्र मुद्दा आहे आणि अनेक न्यायव्यवस्थांत तो मुलाच्या माथी मारता येत नाही.

तडजोडीची घाई मात्र माझ्या मते सर्वांत महाग पडते. मेंदूच्या किंवा वाढत्या हाडांच्या दुखापतीचे परिणाम कित्येकदा वर्षांनी उघड होतात, त्यामुळे वैद्यकीय चित्र स्पष्ट होण्याआधी अंतिम तडजोडीवर सही करू नये. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या, मुलाच्या तडजोडीला अनेक देशांत न्यायालयाची मंजुरीही लागते. दावा दाखल करण्याची मुदत मात्र पहिल्याच भेटीत वकिलाकडून लेखी विचारून घ्यावी.