सर्व्हर रॅक येण्याआधी या चुका टाळा

"सर्व्हरची खोली तयार आहे का?" असं विचारलं की सांगली-मिरजेत एकच उत्तर मिळतं: "एकदम तयार! एसी लागला, रंग झाला, पाठवा रॅक." मग रॅक, म्हणजे सर्व्हर बसवायचं उंच लोखंडी कपाट, घेऊन ट्रक येतो आणि पुढची सगळी दुपार जिन्याखाली जाते.

खोली मोजतात, वाट कोणी मोजत नाही. ४२यू (यू म्हणजे यंत्राच्या उंचीचं माप, एक खण) रॅकमध्ये यंत्रांसाठीचीच उंची १८६७ मिमी असते. चौकट आणि चाकं धरली की ती २००० ते २१०० पर्यंत जाते. पॅलेट आणि पॅकिंगसकट २२०० धरून चाला. आपला सात फुटी दरवाजा २१३४ मिमीचा, त्यातून चौकट वजा होते. लिफ्टचं दार बहुतेक ठिकाणी २००० चंच असतं. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो, त्यामुळे रिकामा रॅक वजनात बसतो, पण उंचीला अडतो.

पेठेतल्या एका पतसंस्थेत हेच झालं. खोली दुसऱ्या मजल्यावर, चकाचक. रॅक लिफ्टमध्ये शिरेना म्हणून हमालांनी जिन्याने उचलला. ६०० बाय १२०० चा तो सांगाडा पहिल्याच वळणावर अडकला. कुणीतरी शहाण्याने "आडवा करा, जमतंय" म्हटलं. आडवा केल्यावर मागच्या दारावर भार आला आणि चौकट पिळली. वर पोचल्यावर दार लागेना. खांबांमधलं अंतर वर एक, खाली एक झालेलं, त्यामुळे सर्व्हर ज्यांवर सरकवून बसवतात ते रेलही बसेनात. रॅक बदलावा लागला.

माझी पद्धत साधी आहे. रॅकच्या मापाचा पुठ्ठा कापायचा आणि फाटकापासून खोलीपर्यंत प्रत्येक वळणावर जमिनीवर फिरवून बघायचा. टेपने रुंदी कळते, वळण कळत नाही. पुठ्ठा अडला तर सुट्या भागांत येणारा, जागेवर जोडायचा रॅक मागवा. दारं आणि बाजूचे पत्रे काढून वजन कमी होतं, तेवढं आधीच करा. हरभट रोडसारख्या बाजाराच्या रस्त्यावर जागा असेल तर मोठा ट्रक सकाळी लवकर आणा. हँड पॅलेट ट्रक आणि उतरवायची फळी आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

दुसरी आवडती चूक आर्थिंगची. "आर्थिंग आहे की, हिरवी वायर आलीय," म्हणतात. वायर आलीय, पण ती जिथे जमिनीत जाते त्या आर्थिंगच्या खड्ड्यात काय आहे? इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि आर्थिंगचा रोध (रेझिस्टन्स) चढतो. ऑगस्टमध्ये एक ओहमच्या आत आलेला आकडा मे महिन्यात टिकेलच असं नाही. म्हणून चाचणी एप्रिल-मेमध्ये घ्या आणि खड्ड्याला पाणी घालायचं काम कुणाकडे ते ठरवा. सॉकेटवर न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रॅक जोडू नका, आधी कारण शोधा. मीटरवर शून्य दिसावं म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडणारे महाभाग आहेत. त्याने न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरीतून आणि रॅकच्या अंगातून वाहतो. अशा वायरमनला पुन्हा बोलावू नये.

पीडीयूला (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणाऱ्या सॉकेटच्या पट्टीला) ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग येतो आणि भिंतीवर १६ चं सॉकेट असतं. प्लग कापायचा नाही, सॉकेट बदलायचं. दोन पीडीयू एकाच एमसीबीवर घेतले तर तो पडला की दोन्ही बंद, मग दोन घेण्याचा उपयोग काय?

भरलेला रॅक १००० किलोपर्यंत जातो आणि उभा राहतो पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. कार्यालयाचा स्लॅब चौरस मीटरला २५० ते ४०० किलो धरून काढलेला असतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. यूपीएसच्या बॅटऱ्या विसरू नका: १२ व्होल्ट १०० एएचची एक साधारण ३० किलो, ३२ लागल्या तर झाला एक टन. फरशीवरून ढकलताना चाकांखाली १८ मिमी प्लायवूड टाका.

तळमजला तर सांगलीत नकोच. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५.

रॅकपुढे १२०० मिमी आणि मागे किमान ९०० मोकळे ठेवा. एसीची निचऱ्याची नळी रॅकवरून नेऊ नका. पीओपी, ड्रिलिंग, सुतारकाम संपून खोली पुसून झाल्याशिवाय खोकं उघडू नका. पावसाळ्यात सर्व्हर खोक्यातच रात्रभर एसीत ठेवा, नाहीतर आत दव धरतं. भरताना जड यंत्रं खाली. वरून सुरुवात करणाऱ्या उतावळ्यांचा रॅक पुढे कलतो.

खोक्यावरचा टिल्टचा (खोकं वाटेत कललं की रंग बदलणारा) स्टिकर लाल झाला असेल तर एलआरवर (ट्रकवाल्याच्या मालाच्या पावतीवर) तसं लिहूनच सही करा आणि ट्रक उभा असतानाच फोटो काढा. ड्रायव्हर घाई करेलच. कोरी सही दिली की विम्याचा दावा अवघड होतो.